इंक, शाई आणि म्हैसूरची बाटली

‘इंक’ म्हणजे शाई, हे पाचवीतले मूलही सांगेल. त्यासाठी शब्दकोश उघडण्याचे कारण नाही. पण ज्यांची हयात सरकारी कागदांच्या सान्निध्यात गेली त्यांनी तरी तो एकदा उघडावा, असे मला वाटते. राज्यकारभाराविषयीची जी एक गोष्ट ह्या लहानशा इंग्रजी शब्दात दडलेली आहे, ती आपल्या ‘शाई’मध्ये नाही.

मला ही बुद्धी झाली म्हैसूरमध्ये. एका प्रशिक्षणाच्या निमित्ताने तेथे काही दिवस राहणे झाले. त्या शहरात पाहुण्याला राजवाडा दाखवतात, चामुंडीची टेकडी दाखवतात, चंदनाचे तेल आणि रेशीम दाखवतात. बन्नीमंटप भागातला रंगांचा कारखाना मुद्दाम कोणी दाखवत नाही. बन्नी म्हणजे शमी. दसऱ्याची हत्तींची मिरवणूक राजवाड्याहून निघून ह्याच बन्नीमंटपाशी संपते, म्हणजे आपल्याकडच्या सीमोल्लंघनाचीच ती जागा म्हणायची. नाल्वडी कृष्णराज वडियार ह्यांनी १९३७ साली राज्यातल्या जंगलांत मिळणाऱ्या लाखेवर प्रक्रिया करण्यासाठी हा कारखाना काढला. १९४७ मध्ये तो सरकारी मालकीचा झाला, १९८९ पासून त्याचे नाव म्हैसूर पेंट्स अँड व्हार्निश असे आहे, आणि १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून भारतीय मतदाराच्या डाव्या तर्जनीला लागणारी शाई तेथून येते.

त्या शाईला इंग्रजीत जे विशेषण लावतात त्याचा अर्थ ‘न पुसणारी’. पण शब्दाच्या मुळाशी गेलो तर हे विशेषण अनावश्यक ठरते. ग्रीक भाषेत ‘एन्काइएन’ म्हणजे आत जाळणे, जाळून उतरवणे. त्यावरून ‘एन्कौस्तोन’. मेणात कालवलेले रंग उष्णतेने पक्के करण्याच्या चित्रकलेशी ह्या शब्दाचे जुने नाते आहे. लॅटिनमध्ये त्याचे ‘एन्काउस्तुम’ झाले आणि उत्तरकालीन रोमन दरबारात हे नाव एका विशिष्ट शाईला मिळाले. ती जांभळी शाई, जिने फक्त सम्राटाने सही करायची. पुढे जुन्या फ्रेंचमधून झिजत झिजत तेराव्या शतकाच्या सुमारास हा शब्द इंग्रजीत आला. फ्रेंच लोक आज ‘आंक्र’ म्हणतात, इटालियन ‘इंकिओस्त्रो’. ‘कॉस्टिक’ म्हणजे दाहक हा शब्दही ह्याच कुळातला. ‘इंकलिंग’ मात्र ह्या घरचा नव्हे. कानाला सख्खा वाटतो, पण त्याचे गोत्र निराळे.

सम्राट लिओ ह्याचा इसवी सन ४७० चा एक कायदा जस्टिनियनच्या संहितेत टिकून राहिला आहे. सम्राटाच्या आज्ञापत्रावर ह्या जांभळ्या शाईखेरीज दुसऱ्या रंगाची सही ग्राह्य धरू नये, आणि इतर कोणी ही शाई बनवली किंवा जवळ बाळगली तर मालमत्ता जप्त करून देहदंड द्यावा, असा त्याचा आशय. वाचताना हसू येते, पण फार हसू नये. आपल्या केंद्र सरकारच्या कार्यालयीन कार्यपद्धतीच्या नियमपुस्तिकेत हिरवी वा लाल शाई वापरण्याची मुभा सहसचिव आणि त्यावरील अधिकाऱ्यांनाच, तीही क्वचित प्रसंगी, अशी तरतूद आढळते. आमच्याकडे देहदंड नाही एवढेच. हिरव्या सहीचा मोह मात्र तालुक्याच्या पातळीपर्यंत पोचलेला मी पाहिला आहे.

आता आपले शब्द पाहू. ‘शाई’ आली फारसी ‘सियाही’वरून, म्हणजे काळेपणा. कन्नडमध्येही ‘शायी’ रूढ आहे, त्यामुळे म्हैसूरच्या बाजारात हा शब्द मराठी माणसाला परका वाटत नाही. संस्कृत ‘मसी’ म्हणजे काजळी. कन्नडमध्ये ‘मसि’ आजही काजळी आणि शाई ह्या दोन्ही अर्थांनी चालतो. कचेरीतला ‘मसुदा’ हा शब्द अरबी आहे, आणि त्याचा मूळ अर्थ ‘काळा केलेला’ कागद. गंमत म्हणजे फ्रेंचांकडून ‘इंक’ येण्यापूर्वी इंग्रज लोकही शाईला ‘ब्लॅक’च म्हणत असत. तेव्हा बहुतेक जगाने शाईला तिच्या रंगाचे नाव दिले; ती कशी टिकते ह्यावरून नाव पडले ते ह्या एका घराण्यात.

हा भेद केवळ शब्दांपुरता नाही. काजळी आणि डिंक ह्यांपासून केलेली आपली शाई कागदावर बसते, आत शिरत नाही. शतकानुशतके ती काळीभोर राहते, पण ओल्या फडक्याने पुसताही येते. युरोपातल्या दफ्तरांनी मायफळ आणि हिराकस ह्यांची शाई पत्करली. ती कागदात मुरते, धुऊन जात नाही, आणि जास्त तीव्र झाली तर पुढे कागदालाच खाते. पुसता येणारी शाई वापरणाऱ्या राज्याला खात्रीसाठी दुसरी युक्ती करावी लागते. पत्र संपले तेथे मर्यादेचा शिक्का मारायचा, म्हणजे त्याखाली कोणाला ओळ घुसडता येऊ नये. शिवाजी महाराजांच्या अशा शिक्क्यावर ‘मर्यादेयं विराजते’ एवढेच शब्द आहेत. पेशवाईतल्या पत्राच्या शेवटचे ‘मोर्तब सुद’ तेच सांगते. आजही आपण ‘शिक्कामोर्तब’ म्हणतो; ‘शाई वाळली’ असे म्हणत नाही.

आणि दक्षिणेत तर लेखणीने ताडपत्र कोरायचे आणि मग त्यावर काजळी चोळायची, अशी पद्धत. म्हणजे अक्षर आधी जखमेसारखे उतरते आणि शाई नंतर येते. म्हैसूरच्या प्राच्यविद्या संशोधनालयाच्या संग्रहातच कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे हस्तलिखित १९०५ मध्ये आर. शामशास्त्री ह्यांच्या हाती आले आणि १९०९ साली त्यांनी ते छापले. त्यात राजशासन कसे लिहावे ह्यावर एक संपूर्ण अध्याय आहे. लेखाचे दोष सांगताना कौटिल्य पहिल्याच दोषात काळवंडलेले पान, ओबडधोबड आणि फिकी पडलेली अक्षरे ह्यांचा समावेश करतो. पुनरुक्ती, व्याकरणाच्या चुका हे सारे नंतर. आज्ञेचे अक्षर फिके पडू नये, ही त्याची पहिली चिंता.

पुन्हा बन्नीमंटपाकडे वळू. ह्या शाईतला मुख्य घटक सिल्व्हर नायट्रेट. कातडीवरच्या क्षाराशी त्याचा संयोग होऊन सिल्व्हर क्लोराइड बनते, ते पाण्यात विरघळत नाही, आणि उजेड लागला की काळपट जांभळे होत जाते. साबण, तेल, लिंबू कशालाही दाद देत नाही. वरच्या पेशी झडून नव्या येतात तेव्हाच ती खूण जाते. हेच सिल्व्हर नायट्रेट जुने वैद्यक जखमा आणि चामखिळी जाळण्यासाठी वापरत असे, आणि त्याचे तेव्हाचे इंग्रजी नाव ‘ल्यूनर कॉस्टिक’, म्हणजे चंद्राचा दाहक. किमयागार चांदीला चंद्र म्हणत. ‘इंक’ आणि ‘कॉस्टिक’ ही दोन भावंडे मूळ अर्थासह पुन्हा एकत्र आली ती ह्या बाटलीत, हे मला त्या दिवशी उमगले आणि फार आवडले.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीतही बोटाला शाई लावली गेली होती. १९५१-५२ च्या त्या निवडणुकीत ३ लाख ८९ हजार ८१६ कुप्या लागल्याची नोंद आहे. पुढे राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे सूत्र घेऊन म्हैसूरच्या कारखान्याशी करार झाला, आणि तेव्हापासून हे काम तेथेच आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीसाठी तेथून २६ लाखांहून अधिक कुप्या गेल्या, आणि त्या निवडणुकीत सुमारे ६४ कोटी लोकांनी मतदान केले. रोमच्या सम्राटाने स्वतःसाठी राखून ठेवलेला तो रंग कारखान्यात पिंपांनी तयार होतो आणि ज्याला सही येत नाही त्याच्याही बोटाला लागतो.

काही मित्र म्हणतात, ही खूण म्हणजे नागरिकावरचा अविश्वास आहे. चोर समजून डाग देणे आहे. आता ओळखपत्र आहे, छायाचित्राची यादी आहे, बोटांचे ठसे घेणारी यंत्रे आहेत. मग हा मध्ययुगीन प्रकार कशाला? मला हे पटत नाही. यंत्राने केलेली तपासणी यंत्रालाच दिसते. बोटावरची खूण शेजाऱ्याला दिसते, विरोधी पक्षाच्या प्रतिनिधीला दिसते, चहाच्या टपरीवर बसलेल्याला दिसते. तिला वीज लागत नाही आणि तिची खातरजमा करायला अधिकाऱ्याची परवानगी लागत नाही. आणि ती सर्वांना सारखी आहे. निवडणूक संचालन नियम, १९६१ मधला ३७ वा नियम ज्यांनी वाचला नसेल त्यांनी अवश्य वाचावा. डाव्या तर्जनीला खूण करावी. ती तर्जनी नसेल तर डाव्या हाताच्या दुसऱ्या कोणत्याही बोटाला. डाव्या हाताला बोटेच नसतील तर उजव्या हाताची तर्जनी वा दुसरे बोट. आणि दोन्ही हातांना एकही बोट नसेल तर डाव्या किंवा उजव्या बाहूचे जे काही टोक त्या व्यक्तीपाशी असेल त्याला. कायद्याची भाषा रुक्ष असते, पण ह्या नियमाच्या कर्त्याने एकाही माणसाला वगळायचे नाही असे ठरवून ही पायरी-पायरीची रचना केली आहे.

हा नियम मी एकदा प्रत्यक्षात चाललेला पाहिला. महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्यात निवडणूक निर्णय अधिकारी असताना फिरतीवर एका केंद्रात शिरलो, तर रांग थांबलेली. एका म्हाताऱ्या बाईंच्या डाव्या हाताची चारही बोटे कडबाकुट्टीत गेलेली. अंगठा तेवढा शिल्लक. मतदान अधिकाऱ्यांपुढे प्रश्न असा की अंगठा हे बोट धरायचे की नाही? केंद्राध्यक्ष हस्तपुस्तिकेची पाने उलटत होते. बाई म्हणाल्या, “साहेब, काय ते लावा लवकर. बोट काळं दिसलं न्हाई तर गावात म्हणतील म्हातारी गेलीच न्हाई.” हाताची बोटे पाच, असे मराठीत कोणीही सांगेल, तेव्हा अंगठ्याला शाई लागली. त्यांना ती हवी होती, हे मी विसरलेलो नाही.

पण ज्या शाईत इतके सामर्थ्य आहे ती कोठेही वापरू नये. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये जुन्या नोटा बदलून घेणाऱ्यांच्या बोटाला बँकांत हीच शाई लावण्याचे ठरले. उजव्या हाताला लावावी असे म्हटले गेले, तरी पोटनिवडणुका तोंडावर असल्याने निवडणूक आयोगाला अर्थमंत्रालयाला लिहावे लागले. मार्च २०२० मध्ये घरी विलगीकरणात राहायचे त्यांच्या हातावर शिक्के उठले. महाराष्ट्रात ते आधी सुरू झाले. साथीच्या काळातल्या अधिकाऱ्यांची अडचण मी जाणतो, तरी ज्या हातावरची खूण आजवर ‘मी माझे काम केले’ असे सांगत होती, तीच ‘ह्याच्यापासून दूर राहा’ असे सांगू लागली. खुणेचा अर्थ बदलायला फार वेळ लागत नाही. अफगाणिस्तानात २००४ साली काही केंद्रांवर शाई पुसली जाते असे दिसताच निवडणुकीवरच वादळ उठले. २०१४ मध्ये त्याच देशात हेरात प्रांतात मतदान करून आलेल्या अकरा जणांची शाई लागलेली बोटे तालिबान्यांनी तोडली. खूण पुसली गेली तर निवडणूक संशयात, आणि टिकली तर माणूस धोक्यात.

ह्या पार्श्वभूमीवर जानेवारी २०२६ मधल्या महाराष्ट्रातल्या महापालिका निवडणुकांचे दुःख होते. तेथे कुपीतल्या शाईऐवजी मार्कर पेनने खूण केली गेली. ती सहज पुसता येते अशा तक्रारी मतदानाच्या दिवशीच आल्या, पुसून दाखवणाऱ्या चित्रफिती फिरल्या, आणि राज्य निवडणूक आयोगाला खुलासे करावे लागले. पेन हाताळायला सोपे, सांडत नाही, हे मान्य. पण प्रत्यक्षात किती खुणा पुसल्या गेल्या हा प्रश्नच नाही. लोकांना ती पुसता येईल असे वाटले, तेथेच खुणेचे काम संपले.

नागरिकाच्या बोटाबाबत आपण इतके काटेकोर आहोत, तर आमच्या बोटांचे काय? निवडणुकीच्या कामावर नेमलेले अनेक कर्मचारी आणि अधिकारी टपाली मतपत्रिकेने मतदान करतात. दिवसभर इतरांच्या बोटांना शाई लावणाऱ्यांची स्वतःची बोटे पुष्कळदा कोरी राहतात. ह्यात गैर काही नाही, व्यवस्थाच तशी आहे. पण बाकीच्या पाच वर्षांतही आमची बोटे कोरीच राहावीत अशी एक व्यवस्था आम्ही उभी केली आहे, आणि ती नियमात कोठेही लिहिलेली नाही. तिचे नाव तोंडी आदेश.

वरिष्ठाचा आदेश साधारणतः लेखी असावा, अपरिहार्यपणे तोंडी दिला तर त्याने लगेच तो लेखी कायम करावा, असे अखिल भारतीय सेवा (वर्तणूक) नियम, १९६८ सांगतात. ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी टी. एस. आर. सुब्रमणियन ह्यांच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने हीच गोष्ट ठासून सांगितली: तोंडी आदेशांवर काम करू नका, नोंद ठेवा. तरी कोणत्याही कचेरीत जाऊन पाहा. ‘साहेबांशी बोलणे झाले आहे’ हे वाक्य नस्तीत नसते, पण नस्ती त्याच वाक्यावर चालते. महत्त्वाच्या टिपणीवर कोपऱ्यात पेन्सिलीने ‘चर्चा करावी’ असे येते, चर्चा होते, पेन्सिलीचा शेरा खोडरबराने जातो आणि खालच्या माणसाची निळी सही तेवढी उरते. आता भ्रमणध्वनीवर संदेश येतो, आणि ठराविक वेळाने आपोआप नाहीसा होईल अशी सोयही त्यात असते. कौटिल्याला फिकी अक्षरे खटकत होती. आम्ही अक्षरच उमटू न देण्यात तरबेज झालो.

ई-ऑफिस आले तेव्हा मला वाटले होते की हे बदलेल. संगणकावरची टिपणी कोणी, कधी, किती वाजता लिहिली ते सारे नोंदले जाते. खोडरबर चालत नाही. त्या अर्थाने ती खरी ‘इंक’ आहे, शाई नसली तरी. पण जे आत जळून उतरेल असे माहीत आहे, ते त्यात कोणी लिहीत नाही, असाही अनुभव येतो. टिपणी छोटी झाली, दूरध्वनी लांबले. कनिष्ठ अधिकाऱ्याने ‘आपल्या तोंडी सूचनेनुसार’ असे लिहून कागद परत वर पाठवला तर त्याला उद्धट समजतात. मी अशा अधिकाऱ्यांच्या गोपनीय अहवालांत ती नोंद गुण म्हणून लिहिली आहे, आणि वर गेल्यावर ती बदललेली पाहिली आहे. म्हैसूरच्या बाटलीतला एक थेंब प्रत्येक तोंडी आदेशामागे आदेश देणाऱ्याच्या नखावर पडला असता, तर निम्म्या विभागांचा कारभार बदलला असता.

असो. बाहेरगावी आणि परदेशी असलेल्या वाचकांसाठी थोडे सांगितले पाहिजे. त्या कारखान्याची शाई नेपाळ, मालदीव, कंबोडिया, दक्षिण आफ्रिका अशा अनेक देशांत जाते. परंतु परदेशातल्या भारतीय नागरिकाच्या बोटापर्यंत ती पोचत नाही. २०१० च्या दुरुस्तीने अनिवासी नागरिकाला मूळ गावच्या यादीत नाव नोंदवण्याचा हक्क मिळाला, पण मत द्यायला मूळ पारपत्र घेऊन त्याने स्वतःच त्या केंद्रावर यायचे आहे. देशातल्या देशात स्थलांतर केलेल्यांसाठी दूरस्थ मतदान यंत्राचा एक नमुना निवडणूक आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये राजकीय पक्षांपुढे मांडला होता, पण पक्षांचे एकमत झाले नाही. तोवर जेथे राहता तेथल्या यादीत नाव आणणे हाच मार्ग.

म्हैसूरमध्ये एक सातारकर गृहस्थ भेटले. नोकरीनिमित्त येऊन बावीस वर्षे झालेली, घर इथले, मुले कन्नड शाळेत शिकलेली. नाव मात्र अजून साताऱ्याच्या यादीत. दर पाच वर्षांनी जाणे जमत नाही, म्हणजे बोट कोरेच. नाव इकडे आणायला काय करावे लागते, असे त्यांनी विचारले. नमुना ८, मी म्हणालो. दोन पानांचे काम, संगणकावरही होते. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “भरीन हो. पण तिकडून नाव कमी होईल ना?” होईल, असे मी सांगितले. परत आल्यावर मी त्यांना नमुना पाठवून दिला आहे.